‘घरी बोलतो का?’ हा एक प्रश्न विचारा



पोस्ट मोठी झाली आहे. पण तुमच्या घरात, चाळीत किंवा ओळखीत पाच वर्षांखालचं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

बोईसरच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे एका आईचा मेसेज आला होता. "मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे, अजून बोलत नाही. कोणी चांगले डॉक्टर सुचवेल का?" तासाभरात वीस-बावीस उत्तरं आली. त्यातल्या एकाच उत्तरात डॉक्टरांचं नाव होतं. बाकीची उत्तरं तुम्हाला पाठ असतील. मुलगे उशिराच बोलतात. याचा मामा पण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आता बघा. वेखंड मधात उगाळून चाटवा. जिभेखालचा दोरा कापून घ्या. घरात दोन-तीन भाषा बोलता म्हणून गोंधळलाय. यूट्यूबवर राइम्स लावून द्या. नर्सरीत घाला, आपोआप बोलेल.

सगळ्यांनी आपुलकीनंच सांगितलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग घेते, सतरा वर्षं झाली. बोलण्यात मागे राहिलेलं मूल आमच्यासमोर येतं ते सहाव्या वर्षी. तोवर ‘थांबा, बोलेल’ या सल्ल्यानं त्याची चार वर्षं खाल्लेली असतात. म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण इतक्या वर्षांत पाहिलं, वाचलं आणि जाणकारांकडून समजून घेतलं, ते सांगते.

आधी साधा हिशेब. सहा-सात महिन्यांचं बाळ ‘बाबाबा, दादादा’ करायला लागतं. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो. दोन वर्षांला ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडता येतात. तीन वर्षांला छोटी वाक्यं, निदान घरच्यांना कळतील अशी. महिना-दोन महिने इकडं-तिकडं होतात. मुली थोड्या आधी बोलतात हेही खरं, पण तो फरक काही महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे.

वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोटानं दाखवणं नाही. दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांला दोन शब्द जुळत नाहीत. किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं थांबलं, तर तपासणी करायची. घाबरायचं कारण नाही. यातली बरीच मुलं पुढं आपली आपण बरोबरीला येतात. अडचण अशी की, कुठलं येणार आणि कुठलं नाही हे नुसतं वाट बघून आधी कळत नाही. आणि तपासायचं ते सगळ्यात आधी कान.

इथं आपल्या भागाची एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. तीच या पोस्टचं कारण आहे.

आमच्या बिल्डिंगच्या मागं चाळ आहे. तिथं ओडिशाहून आलेलं एक कुटुंब राहतं. नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत कामाला, ठेकेदाराकडं. त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा, अतिशय चपळ, डोळ्यांनी सगळं टिपणारा. बोलत मात्र काहीच नव्हता. अंगणवाडीत जायचा, खिचडी खायचा, शांत बसायचा. तिथं सगळ्यांची समजूत झाली होती की तो ओडिया आहे, त्याला मराठी येत नाही, म्हणून गप्प असतो. चाळीतल्या हिंदीवाल्यांना वाटायचं, त्याला हिंदी येत नाही. एका डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी घरात एकच भाषा बोला, वाट बघा म्हणून परत पाठवलं.

एका रविवारी त्याच्या आईला मी विचारलं, "घरी बोलतो का? तुमच्या भाषेत?" ती म्हणाली, "घर में भी नहीं बोलता, मॅडम. पानी भी नहीं बोलता." ओडियात पाण्याला आपल्यासारखंच ‘पाणि’ म्हणतात, ‘ण’सुद्धा आपलाच. गुजरातीतही पाणीच. म्हणजे त्याच्या कानावर घरात आणि अंगणवाडीत दिवसाला पन्नास वेळा पडणारा हा शब्द, दोन्हीकडं जवळपास सारखा, आणि तरी त्याच्या तोंडून आला नव्हता. मग भाषेच्या गोंधळाचा प्रश्नच उरत नाही.

"ऐकू येतं त्याला," असं बाप ठामपणे म्हणायचा. "थाळी पडली की वळून बघतो." बरोबर आहे, वळायचा. थाळी पडल्याचा आवाज मोठा असतो. कानाला अर्धवट कमी ऐकू येत असलं की मूल थाळीला, ट्रकच्या हॉर्नला, फटाक्याला दचकतं. पण बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘त’ असे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. अशा मुलाला बोलणं म्हणजे भिंतीपलीकडची कुजबुज वाटत असते. ऐकलेलंच नसेल तर ते बोलणार काय?

तपासणीत दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं असं निघालं. लहान मुलांची कानाची तपासणी होतच नाही, मोठं झाल्यावर उत्तरं देऊ शकलं की करू, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ‘ओएई’ नावाची तपासणी जन्मल्यावर एक-दोन दिवसांच्या बाळाचीही होते; झोपेत कानात बारीकशी नळी ठेवायची, काही मिनिटांचं काम. शंका आली तर ‘बेरा’, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणं. दोन्हीत सुई नाही, दुखत नाही. जगभर यासाठी एक सोपं सूत्र वापरतात, एक-तीन-सहा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आमच्या चाळीतला मुलगा त्या वेळी बेचाळीस महिन्यांचा होता.

वयाचा हिशेब एवढ्यासाठी की त्याला पैशाचीही बाजू आहे. फार कमी ऐकू येणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट लागतं, त्याचा खर्च लाखांत असतो. केंद्र सरकारच्या ‘अडिप’ योजनेतून ते मिळतं, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी वयाची अट पाच वर्षांची आहे. ‘मामा पण पाच वर्षांनी बोलला’ म्हणून थांबलेल्या घराचं दार नेमकं तेव्हाच बंद होतं. नशिबानं या मुलाला इम्प्लांट लागलं नाही, कानाच्या मशिनवर भागलं.

या कामासाठी आपल्या जवळची मोठी सरकारी संस्था म्हणजे बांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. १९८३ पासून श्रवण आणि वाणीदोषावर काम करते. बोईसरहून बांद्रा जवळपास नव्वद किलोमीटर. डहाणूची लोकल २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून जाणं जमतं तरी, पण गाड्या कमी. एकदा जाऊन यायचं म्हणजे दोघांपैकी एकाचा पूर्ण रोज बुडतो, आणि मशीन लावलं की काम संपत नाही. ऐकायला शिकवावं लागतं, पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्या आईनं सात महिन्यांत किती खाडे केले ते ठेकेदाराच्या वहीत लिहिलेलं असेल. आता मुलगा ‘माआ’ म्हणतो, ‘दे’ म्हणतो, ‘पाणि’ म्हणतो. चार वर्षांच्या मुलाला एवढंच येणं खूप कमी आहे. पण त्याच्यासाठी सुरुवात झाली.

आता याची उलटी बाजू, माझ्या वर्गातली. दर जूनमध्ये पहिलीत दोन-तीन मुलं अशी येतात की दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाहीत. पाड्यावरची वारली, कातकरी घरची मुलं. बघणारा लगेच म्हणतो, हे मूल अबोल आहे, मंद आहे. मधल्या सुट्टीत हेच मूल बहिणीशी असं बोलत असतं की श्वास घ्यायला थांबत नाही. चिंबोऱ्या कुठं सापडतात, कुणाच्या वाडीत कुत्रा सोडलेला असतो, सगळं सांगत असतं. फक्त ते आपल्या भाषेत. या मुलाला कसलाही दोष नाही. त्याची भाषा शाळेला येत नाही, एवढंच आहे.

म्हणजे चूक दोन बाजूंनी होते. बोलणाऱ्या मुलाला आपण मुकं ठरवतो, आणि ज्याला खरंच मदत हवी त्याला ‘मराठी येत नाही’ म्हणून सोडून देतो. दोन्हींतला फरक एका प्रश्नानं कळतो: घरी, आईच्या भाषेत, बोलतो का? किती शब्द? दोन शब्द जोडतो का? हा प्रश्न विचारायला मशीन लागत नाही, फॉर्म लागत नाही. आई, आजी किंवा मोठी बहीण, कुणीही उत्तर देऊ शकतं.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, किनाऱ्याला मांगेली, वाडवळी, वसईकडं सामवेदी, डहाणू-तलासरीला गुजराती. त्यात तारापूर एमआयडीसीमुळं हिंदी, भोजपुरी, ओडिया. अणुशक्तीच्या वसाहतीत तर देशभरातल्या भाषा. गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड बघितला तर त्यातल्या बऱ्याच भाषा आपल्या रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना बोलल्या जातात. आणि एक गोष्ट या विषयातले जाणकार आता ठामपणे सांगतात: दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल बोलायला उशिरा लागत नाही. थोडी सरमिसळ करतं, ती पुढं सुटते. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. ‘घरात आपली भाषा बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला त्याहून वाईट. ज्या आईला इंग्रजीची चार वाक्यं येतात ती मुलाशी दिवसभरात चारच वाक्यं बोलते. तीच आई वारलीत, भोजपुरीत, मांगेलीत तासभर बोलेल. मुलाला तो तास हवा आहे.

हे आपल्याला बाहेरून कुणी शिकवायला नको होतं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी इथं, बोर्डीला, ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ त्यांनी उभा केला होता. शहरातल्या बालशिक्षणातलं सगळं त्यांना येत होतं. बोर्डीत मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महाग साहित्याच्या जागी बिया, पानं, शिंपले, माती. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. गुरांमागं जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. देशात एकात्मिक बालविकास योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तीस वर्षांनी. आज काश्मीरपासून केरळपर्यंत ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्या कल्पनेची आपल्या डहाणू तालुक्यात आधी वाट चालून झाली होती. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालतो.

त्यांच्या कामाचा गाभा मुलाच्या जवळ जाऊन, त्याच्या हातातल्या वस्तूवरून, त्याच्याशी बोलणं हा होता. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला वजनकाटा आणि खिचडी आठवते. यात ताईंचा दोष नाही, आधीच सांगते. वजन-उंची, पोषण ट्रॅकरवरची नोंद, फोटो, सर्वे, गृहभेटी, लसीकरणाला मदत. मानधनासाठी २०२३ च्या डिसेंबरात त्यांना संपावर जावं लागलं होतं हे विसरलो नसू. एका ताईनं तीस मुलांशी गप्पा मारायच्या कधी? कागदावर मात्र सगळं आहे. शालेयपूर्व शिक्षण हे अंगणवाडीच्या सहा मूळ सेवांपैकी एक आहे. २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ ही घोषणाही आहे.

आता मोबाईल. याच्यावर बोललं की आयांना राग येतो, आणि तो बरोबर आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, गॅसशेजारी दोन वर्षांचं मूल, नवरा रात्रपाळी करून झोपलेला. आई फोन देणार नाही तर काय करणार? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाखाली स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांला दिवसाला फार तर एक तास, कमी तितकं बरं. कारण समजून घ्या. फोन बोलतो, पण थांबत नाही. मुलानं ‘आ’ केलं तर फोन ‘काय रे, आंबा हवा?’ असं विचारत नाही. बोलणं शिकायला समोर उत्तर देणारं माणूस लागतं. माझ्या वर्गात इंग्रजीत सगळे रंग म्हणून दाखवणारी मुलं येतात, त्यांना ‘शू लागली’ सांगता येत नाही.

मग आईनं वेळ कुठून आणायचा? वेगळा वेळ काढायची गरज नाही. हातातलं काम चालू असतानाच बोलायचं. भाकरी थापताना, बोंबील साफ करताना, नळावर रांगेत. ‘बघ, पीठ घेतलं, पाणी ओतलं.’ मूल ‘पाणी’ म्हणालं तर आपण एक शब्द वाढवायचा: ‘गार पाणी’. ‘तपाती’ म्हणालं तर ‘तपाती नाही, चपाती म्हण’ असं दटावायचं नाही. ‘हो, चपाती, गरम चपाती’ म्हणायचं, त्याला ऐकू जातं. बोट दाखवलं की लगेच वस्तू हातात द्यायची नाही. ‘केळं हवं की बिस्कीट?’ असं विचारून मनात पाचपर्यंत मोजायचं आणि त्याच्या तोंडाकडं बघत थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं. पाहुण्यांसमोर ‘हे काय? ते काय? सांग ना!’ अशी परीक्षा घ्यायची नाही. आणि आजी-आजोबा असतील तर बडबडगीतं आणि चिऊकाऊचे घास यांना जुनाट म्हणू नका. तेच शब्द, तीच लय, समोर ओळखीचा चेहरा, मध्ये मुलाच्या आवाजासाठी जागा; थेरपीतही मुलांकडून असंच काही करून घेतात.

वेखंड-मधाबद्दल एकच: वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, त्यातून जिवावरचं आजारपण येऊ शकतं. आणि जिभेखालचा दोरा आखूड असेल तर दूध ओढायला किंवा एखाद्या उच्चाराला अडचण येते. त्यानं मूल मुकं राहत नाही. दोरा कापून घरी आलेली आणि कान न तपासलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता सार्वजनिक मागण्या. जिल्हा २०१४ मध्ये झाला, तेव्हापासून आपण रस्ते, पाणी, लोकलचे थांबे यावर बोलतो. हेही त्यात घालूया.

१) गरोदरपणापासून मिळणारं माता व बाल संरक्षण कार्ड प्रत्येक घरात आहे. त्यात वयानुसार मूल काय बोलायला हवं याची पानं छापलेली आहेत, चित्रांसकट. महिन्याच्या ग्राम आरोग्य-पोषण दिवशी वजनाबरोबर तेही पान वाचलं जावं, आणि ‘घरी बोलतो का?’ याचं उत्तर आईच्या भाषेतलं धरून नोंदवलं जावं.

२) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यातलं पथक अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतं. कमी ऐकू येणं आणि भाषेतला उशीर हे दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. त्यांची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठ दिवस आधी लागली पाहिजे. चाळींतली जी मुलं कुठल्याच पटावर नाहीत, त्यांना त्या दिवशी आपण शेजाऱ्यांनी घेऊन जायचं.

३) जिल्ह्यात कानाची तपासणी आणि वाणी-उपचार कुठल्या सरकारी रुग्णालयात, कुठल्या वारी मिळतात, त्याची यादी प्रत्येक अंगणवाडीत चिकटवा. जिथं नसेल तिथं आठवड्याचा एक दिवस तरी ठरवा. प्रत्येक आईनं बांद्र्याची गाडी पकडायची, हा उपाय नाही.

४) एमआयडीसीतल्या कारखानदारांना: पाळणाघराची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती, तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथं. ठेक्यावरच्या बायका आणि लहान युनिटं यात सुटून जातात. चार-पाच कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर आणि तिथं बोलणारी एक बाई, एवढं सीएसआरमधून सहज होईल. शाळांना दप्तरं वाटण्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

ग्रुपवर विचारणाऱ्या त्या आईला मी वेगळा मेसेज करून कानाची तपासणी करायला सांगितली. ती करून आली, कान चांगले आहेत. आता पुढची तपासणी आणि थेरपी सुरू आहे. कान स्वच्छ निघाले हेही कळायलाच हवं होतं.

या पोस्टखाली तुमच्या गावात, पाड्यावर, बिल्डिंगमध्ये काय अनुभव आहे ते लिहा. मुलाचं नाव किंवा फोटो टाकू नका. पथकाची तारीख कुणाला कळली तर इथंच कमेंटमध्ये टाका, मी सगळ्या ग्रुपवर पाठवते. वारली, हिंदी, ओडिया, गुजराती येणाऱ्यांनी वरचा वयाचा हिशेब आपल्या भाषेत आवाजी मेसेज करून फिरवला तर फार बरं होईल. ज्यांना याची गरज आहे, त्यातल्या बऱ्याच आया मराठी वाचत नाहीत.

#पालघर #बोईसर #तारापूर #अंगणवाडी